वर या, आज आपली माणसं

प्रिय मुंगी,

पत्र बघून दचकू नकोस. मी ठणठणीत आहे, गुडघा सोडला तर, आणि गुडघ्याबद्दल लिहायला कुणी पत्र घेऊन बसत नाही. फोन तू उचलत नाहीस. मेसेज केला की ते अंगठ्याचं चित्र पाठवतेस. जेवलीस का विचारलं, अंगठा. सर्दी गेली का विचारलं, अंगठा. परवा मी मुद्दाम लिहिलं की घराला आग लागली आहे, तर त्यालाही अंगठा. म्हणून म्हटलं, आता लिहूनच काढावं. पत्राला अंगठा दाखवता येत नाही, निदान मला दिसेल असा तरी नाही. मला तुला एक गोष्ट विचारायची आहे. ती सरळ विचारण्याएवढा धीर अजून आलेला नाही, लिहिता लिहिता येईल अशा आशेवर बसले आहे. तोवर इकडचं तिकडचं ऐकून घे, आणि कृपा करून मधलं काही गाळू नकोस.

आपल्या चष्म्याच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं विकतात. भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता तिथं एक पांढरा चौकोन राहिला होता, त्यावर त्यांनी आरसा टांगला आहे. तू रजा टाकून आलीस म्हणून ते दुकान रिकामं झालं, नाहीतर मी अजून फ्रेमच्या खोक्यांवरची धूळ झटकत बसले असते. बाबांचं काच घासायचं चाक तू एकटीनं उचलून भंगारवाल्याच्या गाडीवर ठेवलंस. त्या चाकावर पाण्याची धार लागायची, आठवतं ना? धार नसली तर काच तापून तडकते. तुझे बाबा मागच्या खोलीत ती धार सोडून बसायचे आणि पुढं काउंटरवर मी गिऱ्हाइकांच्या नाकावर फ्रेम बसवून बघायचे. पाणी चालू म्हणजे काम चालू, असं गिऱ्हाइकाला वाटायचं. पाणी चालू म्हणजे बाटली चालू, हे आपल्या दोघींनाच ठाऊक. घरी आल्यावर बाथरूमच्या नळानं तेच काम केलं. नळ पूर्ण सोडायचा, म्हणजे झाकण फिरवल्याचा आवाज बाहेर जायला नको. मग एकदा खाकरायचं आणि बाहेर यायचं, तोंडाला टूथपेस्टचा वास. जगात कुणी भर दुपारी पुन्हा पुन्हा दात घासतं का? आपण कधी विचारलं नाही. तू तर शाळेच्या निबंधात लिहिलं होतंस, की माझ्या बाबांना स्वच्छतेची फार आवड आहे. तुझ्या बाईंनी त्यावर छान असा शेरा दिला होता. बाबांनी तो निबंध वाचला आणि त्या दिवशी ते जेवले नाहीत.

तर तू परत गेलीस, आणि त्याच आठवड्यात तो आवाज सुरू झाला. दुपारची वेळ होती, मी ओट्याशी उभी होते. बाथरूमचा नळ कुणीतरी पूर्ण सोडला. पाणी बेसिनवर आदळल्याचा तोच आवाज, मग बंद, मग एक बारीकशी खाकर. माझ्या हातातला चमचा हातातच राहिला. बाबांना जाऊन इतकी वर्षं झाली, आणि माझ्या मनात पहिला विचार काय आला सांगू? की अरे देवा, पुन्हा सुरू केलं ह्यांनी. मेलेत हे नंतर आठवलं. जाऊन बघितलं तर नळ घट्ट बंद. बेसिन कोरडं ठक्क, पुसल्यासारखं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग काही दिवस शांत, मग पुन्हा. नळवाल्याला बोलावलं. त्यानं पाइप उघडून बघितला, वॉशर बदलला, वरच्या मजल्यावर जाऊन आला आणि शेवटी माझ्याकडे बघत म्हणाला, की काकू, नळाला काही झालेलं नाही, तुम्ही एकट्याच राहता का? असा राग आला म्हणून सांगू. मला भुताखेतांचं वेड नाही, तुला माहीत आहे. लोकांना स्पष्ट दिसावं म्हणून मी आयुष्यभर काउंटरवर बसले, आणि आता मलाच नसलेलं ऐकू यायला लागलं होतं. दुपार झाली की मी बाजारात जाऊन बसायला लागले. भाजीवालीला वाटलं मला तिचा लळा लागला.

शेवटी आपल्या डॉक्टरीणबाईंना सांगितलं. कान तपासतील असं वाटलं होतं, त्यांनी कानाला हातही लावला नाही. त्या म्हणाल्या, पिणाऱ्या माणसाबरोबर तुम्ही एवढी वर्षं काढलीत, तो गेला म्हणून तुमचा कान थोडाच मोकळा होणार? अशा घरांतल्या लोकांचा एक गट आहे, तिथं जाऊन बसा, बोलू नका हवं तर. पत्ता त्यांना नीट माहीत नव्हता, म्हणाल्या, औषधाच्या दुकानात विचारा. आता औषधवाला कसा आहे ते तुला ठाऊक आहे. मी काउंटरवर वाकून कुजबुजत विचारलं, तर हा अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असा ओरडला, की दारू सोडणाऱ्यांचं ना? ड्रायव्हिंग स्कूलच्या वर! मागं उभ्या असलेल्या बाईनं माझ्याकडे वरून खालपर्यंत बघितलं. मी तिला म्हटलं, तुमच्या चष्म्याचा नंबर वाढलाय, डोळे बारीक करून बघताय, आणि निघून आले.

ड्रायव्हिंग स्कूलच्या जिन्यापाशी एक फळा टेकवून ठेवला होता आणि त्यावर खडूनं लिहिलं होतं, ‘वर या, आज आपली माणसं’. मला ते फार बरं वाटलं. आपली माणसं म्हणजे आपणच की. घरचे. ज्यांचं कुणी पीत होतं ते. दारू हा शब्दसुद्धा घातला नाही म्हणून लिहिणाऱ्याचं मी मनात कौतुक केलं आणि गुडघ्याला शिव्या देत वर गेले. खोलीभर रस्त्यावरच्या खुणांचे तक्ते लावलेले, थांबा, वळू नका, हॉर्न वाजवू नका, आणि मधल्या टेबलावर शिकवायच्या खेळण्यातल्या मोटारी. खुर्च्या गोल मांडलेल्या. मी सवयीनं आधी सगळ्यांचे चष्मे बघून घेतले. किल्ली सांभाळणारे गृहस्थ लिफ्ट दुरुस्त करतात, त्यांच्या चष्म्याची एक काडी तुटलेली आणि तिथं तार गुंडाळलेली. एक गणिताच्या बाई, त्यांची फ्रेम चेहऱ्याला इतकी मोठी, की ज्यानं विकली त्याला जाब विचारावा. एक बेकरीवाला, त्याच्या काचांवर पिठाचा थर, तो पुसायचं त्याला सुचलेलं नव्हतं. मी खिडकीजवळची खुर्ची धरली, दारापासून सगळ्यात लांब. लिफ्टवाल्यांनी एकच नियम सांगितला. इथं दुसऱ्याची गाऱ्हाणी नाहीत, जो तो ‘मी’पासून सुरू करेल. मला वाटलं, हे जरा अवघड जाणार. कारण माझ्याकडे तर गाऱ्हाणीच होती, पोतंभर.

मग बेकरीवाला बोलला. मी भट्टी पेटवायच्या आधी प्यायचो, म्हणाला. त्याच्यानंतर गणिताच्या बाई म्हणाल्या, मी खडूच्या डब्यात लपवायचे. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. घरच्यांचा दिवस वेगळा असतो, त्या दिवशी फळ्यावर ‘घरची मंडळी’ लिहितात. ‘आपली माणसं’ म्हणजे ते स्वतः. ते एकमेकांना तसंच म्हणतात. उठून जावं तर सगळ्यांच्या गुडघ्यांमधून वाट काढावी लागणार, आणि तोवर माझी पाळी आलीच. मी सांगणार होते की चुकून आले, माफ करा, माझा नवरा प्यायचा. तोंड उघडून मी ‘मी’ म्हटलं, आणि पुढं माझ्या तोंडून निघालं, ‘मी प्यायचो’. प्यायचे नव्हे, प्यायचो. मी ऐकलं ते. थांबता आलं नाही. मी काच घासताना पाण्याची धार सोडून प्यायचो, म्हणाले. हात थरथरू नये म्हणून प्यायचो, पुढं बायको बसलेली असायची, तिला कळत होतं आणि तिला कळतंय हे मलाही कळत होतं. माझा आवाज माझाच होता, घोगरा वगैरे काही झाला नव्हता. इतक्या वर्षांत तुझे बाबा दारूबद्दल माझ्याशी एक वाक्य बोलले नव्हते, आणि आता थांबायलाच तयार नव्हते.

कुणी हसलं नाही. नंतर समजलं, की सगळ्यांना वाटलं मी अशा भागातली असेन जिथं बायकाही ‘मी गेलो, मी आलो’ असंच बोलतात. लिफ्टवाल्यांनी चहा दिला आणि पुढच्या वेळी या म्हणाले. जिना उतरताना ठरवलं, पुन्हा इकडे फिरकायचं नाही. पण त्या दिवशी घरी आवाज आला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. आणि पुढच्या बैठकीला मी त्याच खुर्चीवर हजर. मग जातच राहिले. दर वेळी बाबांचं काहीतरी सांगायचे. बाटली बिननंबरी काचांच्या खोक्यात असायची, कारण ते खोकं गिऱ्हाईक कधी मागत नाही. तू तक्ता पाठ केला होतास ती गोष्ट सांगितली. दुकानात बसून बसून तुला सगळ्या ओळी तोंडपाठ झाल्या होत्या, त्यामुळं बाबांनी कितीदा नंबर काढला तरी तुझे डोळे उत्तम. फळ्यावरचं दिसत नाही हे तू कुणाला कळू दिलं नाहीस. मग एकदा बाबांनी तक्ताच बदलला आणि तुला पहिली ओळ वाचता येईना. तू रडलीस, आणि बाबा तुला म्हणाले, की वेडे, बापाला सांगायचं ना. खोलीत मी ते बाबांच्या बाजूनं सांगितलं. मी तिला म्हणालो, सांगायचं ना, आणि माझ्याच तोंडाला तेव्हा वास येत होता. बेकरीवाल्यानं चष्मा काढून डोळे पुसले. मग काचाही पुसल्या, एकदाच्या.

आता पुढचं ऐक, आणि आईला वेड लागलं असं लगेच म्हणू नकोस. एकदा मी तिथं म्हणाले, मी सोडली. बाबांनी कधी सोडली नव्हती, शेवटी हॉस्पिटलमध्येही त्यांनी नर्सला लाडीगोडी लावून बघितली होती, तू होतीस तिथं. पण मी म्हणाले, मी सोडली, सकाळी हात थरथरतो, तो थरथरू देतो आणि तसाच कामाला बसतो. टाळ्या पडल्या. अशा टाळ्या बाबांना आयुष्यात मिळाल्या नव्हत्या. घरी येऊन मी बाथरूमच्या दाराला म्हटलं, ऐकलंत का, टाळ्या पडल्या तुमच्यासाठी. दार काही बोललं नाही. पण मला फार छान वाटलं, मुंगी. त्यानंतर काही आठवडे मी अशा नवऱ्याबरोबर राहिले जो पीत नव्हता. दुपारी बाजारात पळायची गरज उरली नाही. कधी वाटायचं आत चाक चाललंय, पाणी चाललंय, आणि पाणी म्हणजे नुसतं पाणीच आहे. लग्न झाल्यापासून मला हेच हवं होतं. ते असं मिळालं, भाड्याच्या खुर्चीवर बसून खोटं बोलून.

पण खोटं तरी किती पुरवणार? बाबांनी सोडल्यावर त्यांच्याकडे सांगण्यासारखं फारसं काही उरलं नाही. गेल्या पंधरवड्यातल्या बैठकीला मी खुर्चीवर बसले तेव्हा मनात काहीच नव्हतं. पाळी आली. मी म्हणाले, मी दुपारी बाथरूममध्ये नळ सोडला. हे तर नेहमीचंच. पुढं म्हणाले, बाटली बॅगेतून आणली होती, टॉवेलात गुंडाळून, आणि बाटली शांपूची होती. तेवढ्यासाठीच मी आदल्या रात्री ती धुऊन ठेवली होती. आई ओट्याशी होती. तिला ऐकू गेलं असेल का याचा विचार करत मी प्यायले, आणि मग टॉवेलाच्या टोकानं बेसिन पुसून कोरडं केलं. असं सगळं बोलले मी. बोलत असताना मला काही वावगं वाटलं नाही. बाबाच बोलताहेत असं मी धरून चालले होते. गणिताच्या बाई तेवढ्या माझ्याकडे बघत राहिल्या, त्या मोठ्या फ्रेममधून.

सगळे गेल्यावर मी लिफ्टवाल्यांना कप विसळू लागत होते. ते म्हणाले, “ताई, एक विचारू? एवढे दिवस तुम्ही ‘प्यायलो’ म्हणत होतात. मी म्हटलं, असेल तुमच्याकडची बोली. आज ‘प्यायले’ म्हणालात. आणि तुमची आई कुठली ओट्याशी उभी असायला, ह्या वयात? ही दुसरी कोण बोलली आज?” माझ्या हातातला कप मी खाली ठेवला. मी म्हणणार होते की जीभ घसरली. पण बेसिन डोळ्यांसमोर आलं. तुझ्या बाबांनी जन्मात कधी बेसिन पुसलं नाही. ते बाहेर आले की आत तळं झालेलं असायचं, आणि त्यावरून मी त्यांना बोलायचे, बाटलीवरून बोलता येत नव्हतं म्हणून. ते भूत असतं तर बेसिन ओलं असतं. मी मात्र इतके दिवस कोरड्या बेसिनसमोर उभी राहून मेलेल्या माणसाला शोधत होते. ऐकलेला आवाज एकदाच खरा होता, तू इथं होतीस त्या दुपारी. दुकानातून तू लवकर आलीस, डोकं दुखतंय म्हणालीस, आत गेलीस. नळ पूर्ण सुटला, बंद झाला, तू बारीकशी खाकरलीस, आणि बाहेर येऊन मला मागून मिठी मारलीस, तेव्हा टूथपेस्टचा वास आला. मी स्वतःला सांगितलं, पोरीनं तोंड धुतलं. त्यानंतर कानाला जे ऐकू येत राहिलं ते तेच होतं. फक्त ते तुझं आहे असं मानण्यापेक्षा घरात भूत आहे हे मानणं मला सोपं गेलं.

मी पायरीवर बसले आणि लिफ्टवाल्यांना सगळं सांगितलं. मी पीत नाही, नवरा प्यायचा, नवऱ्यानं सोडली नाही, नवरा नाही. आणि मुलगी आहे. ते माझ्यावर चिडले, आणि चिडायलाच हवं होतं. म्हणाले, माझं एक वेळ ठीक आहे, पण तो बेकरीवाला तुमच्याकडे बघून तग धरून आहे, त्याला काय सांगू? म्हटलं, मीच सांगते. पुढच्या बैठकीला सांगितलं, उभी राहून. बेकरीवाला उठला आणि चहा न घेता निघून गेला. त्याचा तो जिन्यावरचा पायांचा आवाज मी विसरणार नाही. गणिताच्या बाई मात्र माझ्याजवळ येऊन बसल्या. त्या म्हणाल्या, की त्या दिवशी तुम्ही ‘बेसिन पुसलं’ म्हणालात तेव्हाच मला कळलं, पुरुष पुसत नाहीत, आम्ही पुसतो. आम्हाला जास्त लपवावं लागतं. त्यांची आई त्यांच्याशी याबद्दल एक अक्षर न बोलता गेली. शेवटपर्यंत सगळ्यांना सांगत राहिली, की माझ्या मुलीला शाळेच्या कामानं थकवा येतो. ऐकताना मला वाटलं, ही माझीच वाक्यं आहेत. शेजारणीला मी तुझ्याबद्दल अगदी हेच सांगितलं होतं, प्रयोगशाळेत फार काम पडतं, दिवसभर लोकांचं रक्त तपासून पोरगी दमते. काल बेकरीवाला परत आला होता. माझ्यापासून लांब बसला, पण आला. आता मी ‘घरच्या मंडळीं’च्या दिवशी जाते, त्याच खोलीत. कालच्या दिवशी फक्त निरोप घ्यायला गेले होते. लिफ्टवाल्यांना विचारलं, तुमच्या ओळखीत माझ्या मुलीच्या गावात असा गट आहे का, मी तिला घेऊन जाईन. ते म्हणाले, गट आहे, बायकांचाही आहे, पण कुणाला उचलून नेता येत नाही, ताई, आणि कुणाच्या वतीनं ‘मी’ही म्हणता येत नाही, बघितलंत ना काय झालं. मी म्हटलं, लिफ्टला बाहेरूनही बटण असतं की. त्यावर ते पहिल्यांदा हसले. म्हणाले, असतं, पण दाबून झालं की तिथंच उभं राहावं लागतं.

आता धीर आला आहे, किंवा कागद संपत आलाय असं म्हण. तू पितेस का, मुंगी? पत्र एवढ्यासाठीच लिहिलं. खोलीभर अनोळखी माणसांसमोर मी तुझ्या तोंडून बोलून बसले आहे, तुला न विचारता, आणि ते तुला दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत माझ्याकडून कळावं. शांपूची बाटली मी कधी बघितली नव्हती, ती माझ्या तोंडून कुठून आली मला माहीत नाही. खोटं असेल तर तसं सांग. मी पुन्हा तो जिना चढेन, सगळ्यांसमोर कान पकडून माफी मागेन, आणि इतक्या आनंदानं मी आयुष्यात कधी माफी मागितली नसेल. खरं असेल तर काहीच सांगू नकोस, ते तुला एवढ्यात जमणार नाही, मलाही इतकी वर्षं बोलायला जमलं नव्हतं. शनिवारी सकाळच्या गाडीनं मी येते आहे. घर आवरू नकोस. बाटल्या बाहेर फेकायला धावू नकोस, काही धुऊन पुसून ठेवू नकोस, आणि बेसिन ओलं असेल तर ओलं राहू दे. मी आत येऊन काही शोधणार नाही, रडणारही नाही, निदान पहिला तासभर. तू फक्त दार उघड.

तुझीच, तू उघडेपर्यंत दाराशी उभी राहणारी,
आई